मूलपेशींचा वाद : भ्रूणाचे मोल आणि साधनांची शुद्धता

९ ऑगस्ट २००१ रोजी अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी दूरचित्रवाणीवरून राष्ट्राला उद्देशून भाषण केले. त्यांच्या या भाषणाचा विषय युद्ध नव्हता, करही नव्हते. विषय होता नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा मानवी भ्रूण. भ्रूणापासून मिळवलेल्या ज्या पेशीमालिका त्या दिवसापूर्वीच तयार झाल्या आहेत, केवळ त्यांच्यावरील संशोधनाला केंद्र सरकारचा पैसा मिळेल, असे त्यांनी जाहीर केले. त्याच महिन्याच्या अखेरीस अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने अशा ६४ मालिकांची यादी प्रसिद्ध केली. त्यांपैकी दहा भारतात होत्या : सात मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसकडे आणि तीन बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राकडे. ख्रिस्ती धर्मश्रद्धा आणि जीवविज्ञान यांच्यातील एका पाश्चात्त्य वादात महाराष्ट्राचे नाव असे अनपेक्षितपणे गोवले गेले.

हा वाद महाराष्ट्रात पोहोचला खरा, परंतु येथे त्याचे रूप पालटले. भ्रूण केव्हापासून माणूस मानावा, हा पाश्चात्त्य जगातील मध्यवर्ती प्रश्न. येथे तो फारसा कोणी विचारला नाही. त्याऐवजी पुढे आले ते प्रश्न वेगळे होते. पेशी कोणाकडून आणि कशा मिळाल्या? रुग्णाला खरे किती सांगितले? उपचार सिद्ध झालेला आहे की आशेचा बाजार मांडला आहे? वर्धा जिल्ह्यातील आंजी (मोठी) यांसारख्या गावांतून या विषयाकडे पाहिले की हे रूपांतर अधिक स्पष्ट होते. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार विदर्भात मोठ्या प्रमाणावर आढळतो आणि त्यावरील आजवरचे मूलगामी उपाय मूलपेशींशीच निगडित आहेत.

मूलपेशी म्हणजे काय?

शरीरातील बहुतेक पेशींचे काम ठरून गेलेले असते. स्नायूची पेशी स्नायूचेच काम करते, चेतापेशी मज्जेची होत नाही. मूलपेशी, म्हणजेच स्टेम सेल, मात्र दोन गुण राखून असते. ती स्वतःसारख्या पेशी निर्माण करीत राहते आणि प्रसंगी वेगळ्या कामाच्या पेशींतही रूपांतरित होते. अस्थिमज्जेतील मूलपेशी आयुष्यभर रक्ताचे सर्व घटक पुरवीत असतात. अशा पेशींना प्रौढ मूलपेशी म्हणतात. त्यांची क्षमता मर्यादित असते.

फलनानंतर पाच-सहा दिवसांनी भ्रूण ब्लास्टोसिस्ट या पोकळ गोळ्याच्या अवस्थेत येतो. त्याच्या आतील पेशीपुंजापासून शरीरातील कोणतीही पेशी घडू शकते. उंदराच्या भ्रूणातून अशा पेशी १९८१ मध्ये वेगळ्या करण्यात आल्या. मानवी भ्रूणातून त्या मिळवण्यात यश आले ते नोव्हेंबर १९९८ मध्ये, विस्कॉन्सिन विद्यापीठातील जेम्स थॉमसन यांना. मधुमेह, पार्किन्सन, मज्जारज्जूची इजा अशा दुर्धर विकारांवर नवा मार्ग सापडल्याची भावना जगभर पसरली. तथापि पेशीपुंज काढून घेतला की भ्रूण नष्ट होतो. वादाचे मूळ या एका वस्तुस्थितीत आहे.

पाश्चात्त्य जगातील संघर्ष

रोमन कॅथलिक चर्चची भूमिका निःसंदिग्ध आहे. फलनाच्या क्षणापासून भ्रूणाला व्यक्तीचा मान द्यावा, अशी शिकवण १९८७ मध्ये व्हॅटिकनने विस्ताराने मांडली आणि २००८ च्या नव्या दस्तऐवजात ती मूलपेशी संशोधनालाही लागू केली. बुश यांच्या भाषणाच्या अडीच आठवडे आधी, २३ जुलै २००१ रोजी, पोप जॉन पॉल दुसरे यांनी कास्टेल गांडोल्फो येथील भेटीत त्यांच्यापुढे हा विषय काढला होता. चर्चचा आक्षेप भ्रूण नष्ट करण्यास आहे. अस्थिमज्जा अथवा नाळेच्या रक्तातील पेशींच्या वापराला त्याने विरोध केलेला नाही. बातम्यांच्या गदारोळात हा भेद वारंवार पुसला गेला.

बुश यांचा निर्णय मध्यममार्गी म्हणून मांडला गेला, पण त्याने कोणाचेच समाधान झाले नाही. वैज्ञानिकांना तो जाचक वाटला, तर भ्रूणरक्षणवाद्यांना अपुरा. शिवाय ६४ चा आकडा कागदावरच राहिला. प्रत्यक्षात संशोधकांच्या हाती पडतील अशा मालिकांची संख्या सुमारे २१ वर थांबली आणि त्यांत भारतातील एकही नव्हती. निधीवरील निर्बंध सैल करणारे विधेयक अमेरिकी काँग्रेसने दोनदा संमत केले. १९ जुलै २००६ आणि २० जून २००७ रोजी बुश यांनी नकाराधिकार वापरून ते रोखले. त्यांच्यानंतर आलेल्या बराक ओबामा यांनी ९ मार्च २००९ रोजी आदेश काढून हे निर्बंध उठवले.

इतर देशांनी आपापल्या इतिहासानुसार वाट निवडली. ब्रिटनने १९९० च्या कायद्याने चौदा दिवसांपर्यंतच्या भ्रूणावर परवान्याखाली संशोधनाला मुभा दिली आणि २००१ मध्ये तिची व्याप्ती मूलपेशींपर्यंत वाढवली. नाझी काळातील वैद्यकीय अत्याचारांची स्मृती वागवणाऱ्या जर्मनीने २००२ च्या कायद्यानुसार आपल्या भूमीवर भ्रूण नष्ट करण्यास मनाई ठेवली, मात्र ठरावीक तारखेपूर्वी परदेशात तयार झालेल्या पेशी कडक अटींवर आयात करू दिल्या. दक्षिण कोरियात वेगळाच धडा मिळाला. क्लोन केलेल्या भ्रूणापासून मूलपेशी मिळवल्याचा ह्वांग वू-सुक यांचा दावा खोटा असल्याचे जानेवारी २००६ मध्ये सोल राष्ट्रीय विद्यापीठाच्या चौकशीत सिद्ध झाले.

या कोंडीतून वाट काढली ती विज्ञानानेच. जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये मानवाच्या साध्या त्वचापेशींना चार जनुकांच्या साहाय्याने भ्रूणपेशींसारखी क्षमता परत मिळवून दिली. भ्रूणाला हात न लावता तसाच गुण असलेल्या पेशी मिळू लागल्या. २०१२ चे नोबेल पारितोषिक यामानाका यांना जॉन गर्डन यांच्यासह मिळाले. यामुळे वादाची धार बोथट झाली. तो संपला मात्र नाही, कारण नव्या पेशी कसोटीस लावण्यासाठी भ्रूणपेशींशी तुलना करावीच लागते.

धर्म एक नाही, उत्तरही एक नाही

‘धर्म विरुद्ध विज्ञान’ ही मांडणी सोयीची असली तरी सर्व धर्मांना ती सारखी लागू पडत नाही. ज्यू परंपरेत पहिल्या चाळीस दिवसांच्या गर्भाला पूर्ण मानवी दर्जा नाही आणि जीव वाचवणे हे श्रेष्ठ कर्तव्य आहे. त्यामुळे इस्रायल या संशोधनात आरंभापासून अग्रेसर राहिले. थॉमसन यांच्या १९९८ च्या शोधनिबंधातही हैफा येथील संशोधक सहभागी होते. इस्लामी विधिपरंपरेत गर्भात आत्मा येण्याचा काळ बहुधा १२० दिवसांचा मानला जातो, काही मतांनुसार तो चाळीस दिवसांचा आहे. इराणमधील रोयान संस्थेने २००३ मध्ये मानवी भ्रूणपेशींची मालिका तयार केली, ती या चौकटीत राहूनच.

हिंदू परंपरेत एकच अधिकृत पीठ नाही आणि एकच मतही नाही. धर्मशास्त्राने भ्रूणहत्या घोर पातक मानली आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात शुक्र, शोणित आणि जीव यांचा संयोग कुक्षीत झाला म्हणजे त्याला गर्भ म्हणावे, असा विचार आहे. गर्भोपनिषदात मात्र जीवाचा संयोग सातव्या महिन्यात सांगितला आहे. काचेच्या बशीत वाढणारा भ्रूण या ग्रंथकारांपुढे नव्हता. चरकाच्या व्याख्येतील ‘कुक्षी’ हा शब्द धरून चालावे, तर गर्भाशयाबाहेरील भ्रूणाला गर्भ म्हणावे काय, असा नवाच प्रश्न उभा राहतो. जैन विचारातील अहिंसा सूक्ष्मतम जीवापर्यंत पोहोचते. बौद्ध परंपरेतही गर्भधारणेच्या वेळी विज्ञानाचा, अर्थात जाणिवेचा, प्रवेश होतो असे पूर्वापार मत आहे. परंतु १९५६ मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवरून ज्यांनी धम्म दिला, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या मांडणीत आत्म्याला थारा दिला नाही. त्यामुळे आत्मप्रवेशाच्या क्षणाभोवती फिरणारी पाश्चात्त्य चर्चा विदर्भातील मोठ्या समाजाच्या दृष्टीने मुळातच परकी ठरते.

विरोध नव्हे, वारसाहक्काचा दावा

भारतात धर्माने प्रयोगशाळेचे दार अडवले नाही. याची पार्श्वभूमी जुनी आहे. गर्भपाताचा कायदा देशात १९७१ मध्ये संमत झाला. त्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शाह होते. पाश्चात्त्य देशांत झाला तसा धार्मिक उद्रेक त्यावर येथे झाला नाही. महाराष्ट्रात गर्भाच्या नैतिकतेचा प्रश्न खऱ्या अर्थाने पेटला तो लिंगनिदानावरून. त्यावर बंदी घालणारा देशातील पहिला कायदा या राज्याने १९८८ मध्ये केला, तो स्त्रीवादी आणि आरोग्य चळवळींच्या रेट्याने. त्याचे अधिष्ठान धर्माज्ञेत नव्हते, मुलीच्या जगण्याच्या हक्कात होते.

धर्म आणि विज्ञान यांचा संघर्ष भारतात झडला तो निराळ्या अंगाने. गांधारीच्या मांसगोळ्यापासून तुपाच्या कुंभांत शंभर कौरव जन्मले, ही महाभारतातील कथा म्हणजे मूलपेशी तंत्रज्ञानाचा पुरावा होय, असे दावे होत राहिले. जानेवारी २०१९ मध्ये जालंधर येथील भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये आंध्र विद्यापीठाच्या तत्कालीन कुलगुरूंनी हे विधान केले तेव्हा देशभरातील वैज्ञानिकांनी निषेध नोंदवला. मुंबईतील एका रुग्णालयाच्या उद्घाटनप्रसंगी ऑक्टोबर २०१४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी कर्णाच्या जन्माचा संबंध जनुकशास्त्राशी जोडला होता. असे दावे संशोधन थांबवीत नाहीत. मात्र पुरावा म्हणजे काय, ही विज्ञानाची मूळ कसोटी ते सैल करतात. जेथे ही कसोटी सैल होते, तेथे असिद्ध उपचारांना जागा मिळते.

मुंबई-पुण्याची वाटचाल

प्रत्यक्ष विज्ञानाची महाराष्ट्रातील परंपरा याहून भक्कम आहे. २० मार्च १९८३ रोजी मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात देशातील पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले. मूलपेशी हा शब्द तेव्हा वृत्तपत्रांत रूढ नव्हता, पण उपचार मूलपेशींचाच होता. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांतून शास्त्रीय नोंदी असलेले देशातील पहिले टेस्ट ट्यूब बालक जन्मले. या तंत्रामुळेच ‘शिल्लक भ्रूण’ ही पूर्वी अस्तित्वात नसलेली गोष्ट निर्माण झाली. पुढे परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने २००९ मध्ये ‘काइंड-१’ आणि ‘काइंड-२’ या दोन मानवी भ्रूणपेशी मालिका तयार केल्याचे प्रसिद्ध केले. त्या संशोधनातही डॉ. हिंदुजा यांचा सहभाग होता. पुण्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राने रक्तनिर्मिती करणाऱ्या मूलपेशींवर दीर्घकाळ काम केले आहे.

नियमांची चौकट आणि तिच्या फटी

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २००७ मध्ये संयुक्त मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. संशोधनाचे अनुज्ञेय, निर्बंधित आणि निषिद्ध असे तीन वर्ग करण्यात आले. चौदा दिवसांपलीकडे भ्रूण वाढवणे आणि मानवी क्लोन जन्माला घालणे निषिद्ध ठरले. केवळ संशोधनासाठी भ्रूण निर्माण करणे निर्बंधित वर्गात गेले. वंध्यत्वावरील उपचारांतून शिल्लक राहिलेल्या भ्रूणाचा वापर दांपत्याच्या संमतीने करता येईल, अशी व्यवस्था झाली. धर्माला या व्यवस्थेत छोटी, पण निश्चित जागा आहे. नीतिमत्ता समित्यांत वैद्यकाबाहेरील सदस्य घ्यावे लागतात आणि त्यांत नीतितज्ज्ञ, तत्त्वचिंतक अथवा धर्मशास्त्राचा अभ्यासक असू शकतो.

२०१३ मध्ये या तत्त्वांची सुधारणा झाली तेव्हा शीर्षकातील ‘उपचार’ हा शब्द हेतुतः गाळण्यात आला. मान्यताप्राप्त चाचणीबाहेर रुग्णावर मूलपेशी वापरणे अनैतिक असून तो वैद्यकीय गैरव्यवहार समजावा, असे त्यात स्पष्ट म्हटले. रक्ताच्या विकारांवरील प्रस्थापित प्रत्यारोपणाचा तेवढा अपवाद होता. २०१७ च्या आवृत्तीने हीच भूमिका पुढे नेली. हे पाऊल उचलावे लागले, कारण दरम्यानच्या काळात स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मज्जारज्जूची इजा अशा विकारांवर रुग्णाच्याच मज्जेतील पेशी टोचून लाखो रुपये आकारणारी केंद्रे देशातील महानगरांत उभी राहिली होती. मार्गदर्शक तत्त्वांना कायद्याचे बळ नव्हते, ही मोठी फट होती. २०१९ च्या नवीन औषधे आणि चाचण्यांविषयीच्या नियमांनी मूलपेशीजन्य उत्पादनांना नव्या औषधाचा दर्जा दिला. २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने भ्रूण दहा वर्षांपर्यंत साठवण्याची आणि त्यानंतर दांपत्याच्या संमतीने नोंदणीकृत संशोधन संस्थेस देण्याची तरतूद केली.

आंजी (मोठी) आणि सिकलसेल

या साऱ्या चर्चेचा कस लागतो तो महानगरांपासून दूर. वर्धा-आर्वी मार्गावरील आंजी (मोठी) येथे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे आणि सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्रही आहे. भावी डॉक्टर खेड्यातील आजार पुस्तकाबाहेर पाहतात ते अशा ठिकाणी.

मध्य भारतातील सिकलसेलची नोंद नागपुरातील संशोधकांनी १९५८ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये केली होती. हिमोग्लोबिनच्या साखळीतील एका अमिनो आम्लाच्या बदलामुळे तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना देतात. आई-वडील दोघेही वाहक, म्हणजे ‘एएस’, असतील तर प्रत्येक अपत्याला ‘एसएस’, म्हणजे प्रत्यक्ष आजार, होण्याची शक्यता चारात एक असते. हायड्रॉक्सियुरिया या गोळीने त्रास कमी होतो, आजार मुळातून जात नाही. तो जाऊ शकतो मूलपेशी प्रत्यारोपणाने. त्यासाठी जुळणारा दाता लागतो आणि सख्ख्या भावंडाशी जुळणी होण्याची शक्यताही चारात एकच.

येथेच भ्रूणाचा प्रश्न मागच्या दाराने परत येतो. आजार नसलेला आणि दाता म्हणून जुळणारा भ्रूण प्रयोगशाळेत निवडून त्यापासून भावंड जन्माला घालता येते. थॅलेसेमियाग्रस्त मुलासाठी असे पहिले भारतीय उदाहरण अहमदाबादेत घडले आणि मार्च २०२० मध्ये धाकट्या बहिणीच्या मज्जेचे प्रत्यारोपण झाले. न निवडलेल्या भ्रूणांचे काय करावे, आणि दुसऱ्याच्या उपयोगासाठी जन्मलेल्या मुलाचे स्वतःचे स्थान कोणते, हे प्रश्न कोणत्याही धर्माच्या घरात सारखेच अवघड आहेत.

अलीकडच्या जनुकसंपादन उपचाराने हे दोन्ही प्रश्न टाळले. रुग्णाच्याच रक्तमूलपेशी काढून, त्यांत बदल करून त्या परत देणाऱ्या ‘कॅसगेव्ही’ उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये मान्यता दिली. त्यात भ्रूण नाही, दाताही नाही. आहे ती अमेरिकेतील सुमारे २२ लाख डॉलरची किंमत. भारतात सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचे उद्दिष्ट आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीतील जनुकशास्त्र संस्थेचा ‘बिरसा १०१’ हा स्वदेशी जनुकोपचार जाहीर झाला आणि त्याच्या विकासासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी सहकार्य झाले. अशा उपचारांना रुग्णापर्यंत पोहोचण्यापूर्वी चाचण्यांचे सर्व टप्पे पार करावे लागतात. त्या चाचण्यांत ज्यांना सहभागी व्हावे लागेल, ती कुटुंबे बहुधा विदर्भासारख्या भागांतील शेतमजूर, आदिवासी आणि दलित कुटुंबे असतील.

वर्ध्याचा साधनविचार

या वादासाठी लागणारी एक कसोटी वर्ध्याच्या मातीतच आहे. गांधीजींनी १९३६ पासून सेवाग्रामला वास्तव्य केले. आधुनिक वैद्यकाबद्दल त्यांचे आक्षेप कठोर होते. १९०९ च्या ‘हिंद स्वराज्य’मध्ये त्यांनी डॉक्टरी पेशावर टीका केली आणि प्राण्यांवरील प्रयोगांना त्यांचा ठाम विरोध होता. त्याच गांधीजींनी १२ जानेवारी १९२४ रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांच्या हातून आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया करून घेतली. विज्ञानाला सरसकट नकार ही त्यांची भूमिका नव्हती. साध्य कितीही उदात्त असो, साधन शुद्ध असले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. १९६९ मध्ये डॉ. सुशीला नय्यर यांच्या पुढाकाराने सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले, ते याच वारशाच्या छायेत.

चर्चचा आक्षेपही अखेर साधनावरच आहे : रोगमुक्तीसाठी भ्रूण नष्ट करावा काय? महाराष्ट्रातील धोरणापुढे तोच प्रश्न अधिक व्यापक रूपात उभा आहे. भ्रूण देणाऱ्या दांपत्याची संमती खरी होती काय? संमतिपत्र रुग्णाला समजेल अशा मराठीत, वऱ्हाडीत वा गोंडीत समजावले काय? असिद्ध उपचार सिद्ध म्हणून विकला काय? चाचणीचा धोका ज्यांनी पत्करला, त्यांच्या मुलांना तयार झालेले औषध परवडणार आहे काय?

भ्रूणाच्या दर्जाविषयी श्रद्धावान आणि वैज्ञानिक यांचे एकमत होण्याची चिन्हे नाहीत. लोकशाहीत तसे होण्याची आवश्यकताही नाही, कारण चौदा दिवसांच्या मर्यादेसारखी तडजोड दोहोंना सोबत नांदू देते. फसवणुकीच्या बाबतीत मात्र तडजोडीला जागा नाही. धर्माची नीती आणि विज्ञानाची पद्धती या दोहोंनाही असत्य वर्ज्य आहे. आंजीसारख्या गावातील सिकलसेलग्रस्त मुलाच्या दृष्टीने धोरणाची पहिली पायरी तीच होय.